धोंडू बुवांची ज्योत

काळाचौकीला आमच्या पोपटशेठच्या चाळीच्या पटांगणात नवरात्रात रोज संध्याकाळी शे-दोनशे माणसं जमायची आणि त्यातलं एकही समोर बघायचं नाही. हात वर, हातात फोन, डोळे त्या वीतभर काचेवर. समोर सिमेंटचा ओटा, त्यावर चौरंग, चौरंगावर कोणीतरी अवघडून बसलेलं. नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर दिवा डोळ्यांवर आल्याने घामाघूम झालेला एक माणूस दिसायचा. फोनमध्ये मात्र त्याच्या अंगावरून उजेडाच्या लाटा उठायच्या, एकीमागून एक, छातीवरून डोक्याकडे आणि डोक्यावरून आभाळाकडे.

"आली, आली. ज्योत आली," असं कोणीतरी म्हणायचं आणि गर्दीतून हुंदके सुरू व्हायचे.

"नुसत्या डोळ्यांनी बघाल तर माती बघाल," ओट्यावरून गंगाधर महाराज सांगायचे. "देवाने कलियुगात माणसाला तिसरा डोळा दिला आणि तो खिशात दिला. काढा बाहेर. फ्लॅश बंद, ज्योतीला सहन होत नाही. आणि फोन आडवा धरायचा, मावशी, आडवा. उभ्या फोनमध्ये ज्योत रुसते."

देवाला व्हिडिओ आडवाच लागतो, ही माहिती मला नवीन होती. सदतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली मी बाई, पण माणूस मरेपर्यंत शिकत असतो म्हणतात ते काही खोटं नाही.

हे महाराज म्हणजे शिवडीचा गंगू लाइटवाला. गणपतीत, लग्नात, सत्यनारायणाला लाइटी लावायचा आणि निघताना वायर विसरून जायचा. यंदाच्या गणपतीनंतर महिन्याभरात गंगूचा गंगाधर झाला आणि गंगाधरचा महाराज. पायावर डोकं ठेवायला मात्र त्याची सक्त मनाई होती. केवढी ही विनम्रता, असं बायका म्हणायच्या.

हे सगळं सुरू झालं धोंडू बुवांपासून. आमची चाळ मालवणकडच्या लोकांची, गिरण्या गेल्या तरी भजन राहिलं. गणपतीच्या पाचव्या दिवशी दुपारी पटांगणातल्या चारी बाजूंनी बंद मांडवात डबलबारी असते, म्हणजे दोन भजनी मंडळं समोरासमोर बसतात आणि दोन बुवा गाण्यातून एकमेकांना सवाल-जवाब करतात. शेवटी गजर. त्यात धोंडू बुवांचा हात धरणारा अख्ख्या लालबागमध्ये कोणी नव्हता. गजर अगदी रंगात आला, पखवाज उसळायला लागला, की ते एकदम गाणं थांबवायचे. डोळे मिटायचे, एक हात छातीवर, एक हात वर. नुसता पखवाज वाजत राहायचा, लोकांचा श्वास अडकायचा, आणि मग बुवा वरचा सूर असा काही लावायचे की अंगावर काटा यायचा. त्या थांबण्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरायचे. त्यामुळे गजर चढायला लागला की लोक आधीच फोन काढून बसत, आणि मंडळाची पोरं दिवे मंद करत.

यंदा बुवा थांबले आणि पुन्हा सुरू झाले नाहीत. लोकांना वाटलं, आज लांबवतायत. जितकं लांबलं तितके फोन वर गेले. पखवाजवाला मान खाली घालून वाजवत होता. समोरचे बुवासुद्धा दाद देत बसले होते. मग धोंडू बुवांचं डोकं पेटीवर टेकलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी त्या दिवशी गिरगावात बहिणीकडे होते. परत आले तेव्हा चाळीत रडणं होतं, आणि रडण्यात एक उत्साह होता. कारण संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी आपापले व्हिडिओ पाहिले होते आणि त्यात बुवांच्या छातीवरून उजेडाच्या लाटा वर चढताना दिसत होत्या. बुवा गेले नाहीत, बुवांना नेलं, असं पहिल्यांदा कोणी म्हटलं कोण जाणे. सगळ्यात स्वच्छ व्हिडिओ होता बुवांच्या मुलाचा, राजेशचा. तो अगदी बापाच्या गुडघ्याशी बसला होता. गंगूने त्या व्हिडिओवर सनई चढवली, 'सदेह ज्योतदर्शन' असं नाव दिलं आणि तो परळपासून परदेशापर्यंत पोचला.

बुवांची बायको सुभद्रा. तिची-माझी ओळख नळावरची, म्हणजे रक्ताच्या नात्याहून घट्ट. बायका मागे बसल्या होत्या, पुढे उंचावलेले हातच हात. नवऱ्याचं शेवटचं तोंड तिने पाहिलं ते पुढच्या बाईच्या फोनात. घटस्थापनेच्या दिवशी मी तिच्याकडे गेले तर ती खाटेवर बसून तोच व्हिडिओ बघत होती. पाय भाकरीसारखे फुगलेले, दोन शब्द बोलली की धाप.

"वैनी, गोळ्या घेतेस ना?" मी विचारलं. तिचं हृदय कमजोर आहे. एक दिवससुद्धा चुकवायचं नाही, असं परळच्या डॉक्टरांनी माझ्यासमोर बजावलं होतं.

"गोळ्यो बंद केलंय," ती म्हणाली. "महाराज म्हणतत, औषधान ज्योत अडता."

"कोणाची ज्योत?"

"माझी." हे तिने भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. "दसऱ्याक माका चौरंगार बसवतत. महाज्योत. बाई, ह्या बघा." तिने फोन माझ्यापुढे धरला. सनईच्या सुरात बुवा थांबले होते, उजेड चढत होता, आणि वर केलेल्या हाताची बोटं हलत होती. "बघितलास? हात करतत. माका बोलयतत. मी काय हय बसान रवू?"

मी तिला खूप समजावलं. शेवटी रागावलेसुद्धा. ती हसली आणि चहा टाकू का म्हणून विचारलं.

तशीच राजेशकडे गेले. तो गॅलरीत उभा होता. सातवीपर्यंत माझ्याकडे शिकलेला, आता लोअर परळला कुठल्याशा ऑफिसात आहे.

"आईने गोळ्या सोडल्यात. तुला माहितेय?"

"माहितेय बाई."

"आणि तू गप्प आहेस? दसऱ्याला तिला तिथे कशासाठी बसवतायत ते कळतंय ना तुला?"

"तिची श्रद्धा आहे."

"तुझी आहे?"

"ज्योत मी स्वतः बघितलीय बाई. माझ्याच व्हिडिओत आहे."

"व्हिडिओत बघितलीस. तिथे बसून डोळ्यांनी काय बघितलंस ते सांग."

त्याने खिशातल्या फोनवर हात ठेवला. "बाई, तुम्ही यात पडू नका. प्लीज," एवढं म्हणून तो आत गेला. मला त्याचा भयंकर राग आला. शिकलेला मुलगा, ऑफिसात बसून कॉम्प्युटर चालवतो आणि त्या गंगूच्या नादी लागतो. तो कशाला घट्ट धरून बसलाय हे तेव्हा मला कळलं नाही.

त्या संध्याकाळी मी पटांगणात गेले, फोन घरी ठेवून. पर्समध्ये पेन्सिल असते, मास्तरणीची खोड. ती काढली आणि दिव्यासमोर डोळ्यांपुढे भराभर हलवली. पेन्सिल पुसट पंख्यासारखी दिसली, दिसायला हवी तशी. मग महाराज म्हणाले, "आता चित्त शांत करा," दिवा मंद झाला, आणि माझ्या हातात एका पेन्सिलीच्या दहा पेन्सिली दिसायला लागल्या, सुट्या सुट्या, फणीच्या दातांसारख्या. महाराजांचा उजवा पाय चौरंगावरून लोंबणाऱ्या भगव्या कापडाखाली होता. पायावर डोकं का ठेवायचं नाही हेही त्याच वेळी कळलं.

त्याच दिवशी बोलायला हवं होतं असं कोणी म्हणेल. मी बोलले. मंडळाच्या लोकांना, शेजाऱ्यांना, दारोदार. सगळे ऐकून घेत आणि म्हणत, बाई, आम्ही स्वतः शूट केलंय ना. आपण काढलेला व्हिडिओ खोटा कसा असेल, यापुढे कोणाची अक्कल चालेना. सुभद्राच्या गोळ्या मी दोनदा पाण्याबरोबर तिच्या हातात दिल्या. दोन्ही वेळा तिने त्या मी गेल्यावर कुंडीत टाकल्या.

दसऱ्याला पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. गॅलऱ्या भरल्या होत्या. डिलाइल रोडहून, गिरगावातून माणसं आली होती. सगळ्यांचे फोन चार्ज केलेले. काय बघायला आलोय हे तोंडाने कोणी बोलत नव्हतं, पण पुढच्या जागेसाठी भांडणं चालली होती. सुभद्राला दोघींनी धरून आणलं. बुवांनी घेतलेलं मोरपंखी लुगडं नेसली होती. चौरंगावर बसल्यावर कितीतरी वेळ तिचा श्वास खाली बसेना.

"आईसाहेब निघाल्या आहेत," गंगू माइकवरून गहिवरून सांगत होता. "बुवा वर हात करून उभे आहेत. कोणी पुढे येऊ नका, कोणी हात लावू नका. फक्त शूट करा. हेच आपलं पुण्य."

मी ओट्यावर चढले आणि त्याच्या हातातला माइक घेतला. लहानपणी माझी पट्टी खाल्लेला हात, सुटला लगेच.

"बाई, इथे शाळा नाही," तो म्हणाला. लोक हसले.

"दोन मिनिटं," मी म्हटलं. "मला ज्योत खोटी म्हणायचीच नाही. फक्त सगळ्यांनी फोन उभे धरा."

अर्ध्याअधिक माणसं कधी ना कधी माझ्या वर्गात बसलेली. सवयीने फोन उभे झाले. आणि लाटा वर चढायच्या बंद होऊन आडव्या चालायला लागल्या, सुभद्राच्या एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे.

"ज्योत प्रदक्षिणा घालते कधीकधी," गंगू घाईने म्हणाला.

"छान. आता फोन पुन्हा आडवा, पण उलटा. खालची बाजू वर."

कुजबुज सुरू झाली. मग एक बाई मोठ्याने म्हणाली, "अगो बाय, ही तर खाली चाललीय."

"गंगू, ही कुठे निघाली रे?" मी विचारलं. "वर देव, मग खाली कोण?"

आता लोक गंगूला हसले. मी वाकून भगवं कापड ओढलं. त्याच्या अंगठ्याखाली काळा डबा होता, दिवा कमी-जास्त करण्याचं बटण असलेला. बटण पूर्ण फिरवलं, दिवा लख्ख झाला, सगळ्यांच्या फोनमधून ज्योत गायब. थोडं मागे फिरवलं, ज्योत हजर. मग मी सुभद्राला उठवून बाजूच्या खुर्चीत बसवलं आणि चौरंगावर पाण्याचा तांब्या ठेवला. तांब्याच्या अंगावरूनही तशाच लाटा उठत होत्या.

"हा स्वस्तातला दिवा," मी सांगितलं, "मंद केला की खरं तर मंद होत नाही. एका सेकंदात शेकडो वेळा विझतो आणि पेटतो. आपले डोळे तेवढे चपळ नाहीत, आपल्याला सलग मंद उजेड दिसतो. फोन मात्र चित्र एका दमात घेत नाही, एकेक ओळ वाचत जातो. काही ओळी वाचताना दिवा पेटलेला असतो, काही वाचताना विझलेला. त्या उजेडाच्या आणि अंधाराच्या पट्ट्या सरकताना दिसतात, त्यांना तुम्ही ज्योत म्हणता. फोन फिरवला की ओळी फिरतात, ज्योत दिशा बदलते. लग्नात व्हिडिओवाले गंगूला यावरूनच शिव्या घालायचे, तुझ्या लाइटीने पट्टे येतात म्हणून. यंदा गणपतीच्या मांडवातही गंगूने हेच नवे दिवे लावले होते. गजराला पोरांनी ते मंद केले आणि त्याच वेळी बुवा गेले. एवढंच झालं."

गंगू आमच्या श्रद्धेला चॅलेंज करता वगैरे काहीतरी बोलत होता आणि बोलता बोलता वायर गुंडाळत होता. या वेळी विसरला नाही. लोक त्याच्या मागे फोन घेऊन धावले, आता त्याचा व्हिडिओ काढायला. मला वाटलं, जिंकले. मी सुभद्राकडे वळले.

"बाई," ती म्हणाली, "उजेड खोटो. कळला माका. पण मगे तेंनी हात कित्याक केल्यानी? बोटां हलत होती. माझ्या घोवाचो हात वळखतंय मी. गजरात ते कधी बोटां हलवीत नसत. तेंनी माका बोलयल्यानी ना?"

मी काहीतरी समजुतीचं बोलणार होते, तेवढ्यात राजेश गर्दीतून पुढे आला. तो आईसमोर जमिनीवर बसला.

"आई, तुला नाही बोलावलं," तो म्हणाला. "मला बोलावत होते."

त्याने स्वतःच्या फोनमधला मूळ व्हिडिओ लावला. गंगूने सनई चढवण्याआधीचा. माइक मी खाली ठेवला होता तो चालूच होता, आणि फोन त्याच्या अगदी जवळ. पटांगणभर पखवाज घुमायला लागला. मग पखवाजाच्या आतून बुवांचा श्वास ऐकू आला, घरघरणारा. बुवा डोळे उघडून सरळ फोनकडे बघत होते. म्हणजे फोनच्या मागे बसलेल्या मुलाकडे. बोटं हलली.

"राजू," ते म्हणाले. "राजू, पाणी."

आणि मग फोनच्या अगदी जवळून, हळू आणि आनंदाने भरलेला, राजेशचा आवाज. "हां बाबा, तसेच राहा. मस्त येतंय."

बुवांनी आणखी एकदा बोटं हलवली. डोकं पेटीवर गेलं. टाळ्या.

पुष्कळ हात खाली आले. सगळे नाही, खोटं कशाला सांगू, काही जण तेही शूट करत होते. मला एवढंच कळलं की हा मुलगा महिनाभर त्या ज्योतीला का चिकटून बसला होता. देवाने नेलं असेल तर मुलाने जाऊ दिलं असं होत नाही. मी ज्योत विझवली ती त्याच्या अंगावर. मला तेव्हा तिथून पळून जावंसं वाटलं.

"मला ऐकूच आलं नाही गं," राजेश म्हणत होता. "शपथ, आई. मी बाबांकडेच बघत होतो. स्क्रीनवर ते एवढे छान दिसत होते. घरी येऊन लावला तेव्हा पहिल्यांदा ऐकलं."

सुभद्रा काळ्या झालेल्या फोनकडे बघत होती. "पाणी मागी होते," ती म्हणाली. "मी मागे तांब्यो घेवन बसलेलंय. गजर संपल्यार तेंका पाणी लागता म्हणान." नंतर तिने तोंडावर पदर घेतला, आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदा ती रडली. आतापर्यंत भाग्यवान होती, रडणार कशाला. त्या दिवशी ती विधवा झाली.

वर जिन्याशी राजेशने मला गाठलं. "बाई, लगेच उचलून नेलं असतं तर वाचले असते?"

आयुष्यभर खरं बोला, पुरावा बघा, असं शिकवलं. त्या एका क्षणी खोटं बोलायची फार इच्छा झाली. हॉस्पिटल टॅक्सीने दहा मिनिटांवर आहे, हे त्यालाही माहीत होतं.

"कदाचित," मी म्हटलं. "डॉक्टरही नक्की सांगू शकणार नाहीत. पण त्यांना पाणी मिळालं असतं. आणि तू जवळ असतास."

त्याने मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून आईच्या गोळ्या तो स्वतः देतो. ती त्याच्या हातातून घेते, गिळते, पायांची सूज उतरली आहे. कितीतरी दिवस ती त्याच्याशी बोलत नव्हती. आता कामापुरतं बोलते. तिने त्याला माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही.

तो व्हिडिओ पुसू का, असं त्याने तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "पुसा नको. लोकांक ऐकव." म्हणून आता आम्ही दोघं जातो. चाळीचाळीतून, मंडळांतून, जिथे बोलावतील तिथे. मी दिवा, पेन्सिल आणि फोन घेऊन ज्योत काढून दाखवते, लोक हसतात. मग राजेश मूळ व्हिडिओ लावतो आणि हसणं थांबतं.

मग मी जे बोलते तेच इथे लिहिते. चमत्कार तुमच्याच फोनमध्ये दिसला म्हणून खरा होत नाही. डोळ्यांना दिसत नाही आणि यंत्रात दिसतं, असं कोणी सांगितलं, तर यंत्र फिरवून बघा, दिवा बदलून बघा, माणसाच्या जागी तांब्या ठेवून बघा, प्रश्न विचारा. आणि समोर माणूस गात असेल, नाचत असेल, देवापुढे हात जोडून उभा असेल, तर आधी त्याच्याकडे बघा. फोनला चेहरा टिपता येतो, तो चेहरा काय मागतोय ते ओळखायचं काम तुमचं आहे. ते दुसऱ्या कोणावर सोपवू नका.

व्हिडिओ चालू असतो तेव्हा आणि मी हे बोलत असते तेव्हाही राजेश पडद्याकडे पाठ करून उभा असतो. त्याला तो व्हिडिओ बघवत नसेल, असं मला वाटायचं. परवा चिंचपोकळीच्या एका मंडळात मधल्या रांगेतली एक म्हातारी घामाने भिजली होती. शेजारणीलाही कळलं नव्हतं. राजेश खुर्च्या ओलांडून तिच्यापर्यंत पोचला, हातात पाण्याची बाटली होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं, तो इतके दिवस तोंड फिरवून उभा नव्हता. तो लोकांकडे बघत होता.